गाडीतला अँप आणि फाटणारा आवाज: वाचकांचे प्रश्न

ह्या वेळी कार ऑडिओवरच्या पत्रांत एकच तक्रार परत परत आलीय, आवाज फाटतो. कुणाचा सब (सबवूफर, बासचा मोठा स्पीकर) फाटतो, कुणाचा दरवाज्यातला स्पीकर, कुणाचा फक्त गाडी सिग्नलला उभी असताना. आणि जवळपास प्रत्येक पत्राच्या शेवटी तोच प्रश्न, अँप (अँप्लिफायर, स्टिरिओचा सिग्नल मोठा करून स्पीकरला देणारा डबा) बदलू का? म्हणून ही सगळी पत्रं एकत्रच घेतोय, थोडी छोटी करून. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, आवाज नेमका कुठे फाटतोय हे कळेपर्यंत काहीही विकत घेऊ नका. अँप खरोखर बिघडलेला असतो अशा केसेस असतात, पण त्या कमी, आणि त्या ओळखता येतात.

प्रश्न: चार चॅनलचा अँप बसवलाय, ४ ओहमला ७५ वॅट आरएमएस (म्हणजे सतत देता येणारी ताकद) पर चॅनल. दरवाज्यांत चार स्पीकर आहेत. हळू आवाजात मस्त वाजतं पण स्टिरिओचा व्हॉल्यूम अर्ध्यावर गेला की गायकाचा आवाज फाटायला लागतो, स आणि श कानाला टोचतात. गेन पाऊण फिरवलाय, बास बूस्ट फुल्ल आहे. ज्याने बसवलं तो म्हणतो स्पीकर हलके आहेत, बदला. बदलू का?

उत्तर: नका बदलू, निदान आत्ता तरी नाही. तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे, पाऊण गेन आणि फुल्ल बास बूस्ट.

गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, हे मी ह्या सदरात कितीही वेळा लिहायला तयार आहे. स्टिरिओमधून आरसीए केबलने जो सिग्नल येतो तो कुणाचा २ व्होल्टचा असतो, कुणाचा ४ चा, आणि किती व्होल्ट आले की पूर्ण ताकद द्यायची हे अँपला सांगावं लागतं, गेन फक्त तेवढंच सांगतो. म्हणून त्या नॉबभोवती बऱ्याचदा ६ व्होल्टपासून ०.२ व्होल्टपर्यंत आकडे छापलेले असतात. नॉब जितका उजवीकडे तितका आकडा लहान, म्हणजे तितका बारीक सिग्नल आला तरी अँप आपल्या हद्दीला पोचणार. तुमचा स्टिरिओ समजा २ व्होल्ट देतोय आणि गेन अर्ध्या व्होल्टच्या आसपास आहे, तर अर्ध्या व्हॉल्यूमच्या आधीच अँपची ताकद संपते. गेन वाढवून अँपचे वॅट वाढत नाहीत, फक्त ते लवकर संपतात.

आणि संपले की काय होतं, तर अँपच्या आतला पॉवर सप्लाय जेवढे व्होल्ट बनवतो त्याच्या पलीकडे आउटपुट जाऊच शकत नाही, गाण्याची लाट वर चढत असते, ती चढता चढता त्या छताला लागते आणि तिचा माथा सपाट कापला जातो. ह्याला क्लिपिंग म्हणतात. सपाट माथ्यामुळे मूळ गाण्यात नसलेल्या वरच्या फ्रिक्वेन्सी तयार होतात, आणि तुम्हाला स-श मध्ये टोचतंय ते बहुतेक हेच.

आता बास बूस्ट. बऱ्याच अँपमध्ये तो ४५ हर्ट्झच्या आसपासचा आवाज १२ डीबीपर्यंत (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) वाढवतो. ऐकायला १२ लहान वाटतं पण ३ डीबी म्हणजे दुप्पट वॅट, ६ म्हणजे चौपट, आणि १२ म्हणजे सोळापट. ज्या ठोक्याला एरवी १० वॅट लागले असते त्याला आता १६० लागणार, आणि तुमच्या चॅनलकडे आहेत ७५. वर तो ४५ हर्ट्झ दरवाज्यातल्या साडेसहा इंची स्पीकरला मुळात झेपतच नाही, त्याचा पडदा नुसताच आतबाहेर धावतो आणि त्याच पडद्यावर गायकाचा आवाजही असतो, म्हणजे दोन्ही खराब.

सेटिंग असं करा. अँप बंद करून चारी स्पीकरच्या वायरी अँपमधून काढा. स्टिरिओचं इक्वलायझर सपाट, लाउडनेस बंद, अँपचा बास बूस्ट शून्य, क्रॉसओव्हरचा (फ्रिक्वेन्सी वाटून देणाऱ्या फिल्टरचा) स्विच फुल रेंजवर, गेन पूर्ण डावीकडे. १०० हर्ट्झच्या आसपासचा, शून्य डीबी लेव्हलचा टेस्ट टोन पेनड्राइव्हवर घ्या. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि अँपच्या स्पीकर आउटपुटच्या प्लस-मायनसवर लावा. साधे मीटर एसी मोजताना ४००-४५० हर्ट्झच्या वर भरवशाचे राहत नाहीत म्हणून १००, एक हजारचा टोन नको. स्टिरिओचा व्हॉल्यूम त्याच्या जास्तीत जास्त आकड्याच्या तीन चतुर्थांशावर न्या, म्हणजे ४० पर्यंत असेल तर ३०. इंजिन चालू असू द्या, पण गाडी उघड्यावर उभी करून, बंद गॅरेजमध्ये अजिबात नाही.

किती व्होल्ट दिसायला हवेत? वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. ७५ गुणिले ४ म्हणजे ३००, वर्गमूळ १७.३. गेन हळूहळू वाढवत मीटरवर १७.३ आले की थांबा आणि त्या नॉबला परत हात लावू नका. मग टोन बंद, अँप बंद, वायरी परत जोडा, आणि हाय पास फिल्टर (खालचा बास अडवणारा) ८० हर्ट्झला लावा. मोजताना प्रोब एकमेकांना टेकू देऊ नका, अँपचं आउटपुट शॉर्ट होईल.

एवढं करून गाणं लावलं की त्याच व्हॉल्यूमच्या आकड्याला आवाज आधीपेक्षा कमी वाटेल. घाबरू नका, नॉब अजून वर न्यायला आता जागा आहे आणि ३० पर्यंत तो स्वच्छ राहील. तरीही फाटला तरच स्पीकरकडे वळायचं. स्पीकर बघायची सोपी रीत म्हणजे सगळं बंद करून पडद्याच्या मध्याच्या दोन बाजूंना बोटं ठेवून तो अलगद, सरळ आत ढकला. घासल्यासारखं जाणवलं तर आतली व्हॉइस कॉइल वाकलीय किंवा जळलीय, मग खुशाल बदला.

प्रश्न: माझा अँप छोटा आहे, ५० वॅटचा. ट्विटर (वरच्या, बारीक आवाजाचे छोटे स्पीकर) शंभर वॅट झेपणारे घेतले होते तरी दोन्ही जळले. छोट्या अँपने मोठे ट्विटर जळतात हे खरं आहे का?

उत्तर: अँप छोटा आहे म्हणून नाही जळले, तो क्लिप होईपर्यंत पिळला म्हणून जळले. वरच्या उत्तरातली सपाट माथ्याची लाट आठवा. लाट पूर्ण चौकोनी होईपर्यंत कापली गेली तर तेवढ्याच उंचीच्या साध्या साइन लाटेच्या दुप्पट पॉवर तिच्यात असते, म्हणजे तुमचा ५० चा अँप शंभरच्या दिशेने सरकतो. दुसरं म्हणजे क्लिपिंगमध्ये जी नवीन वरची फ्रिक्वेन्सी तयार होते ती क्रॉसओव्हरमधून थेट ट्विटरकडेच जाते. आणि तिसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, ट्विटरवर लिहिलेले शंभर वॅट हे क्रॉसओव्हर लावून आणि पूर्ण गाण्याच्या हिशोबाने असतात, त्या बारीक कॉइलच्या वाट्याला त्यातला अगदी थोडा भाग येईल असं धरलेलं असतं. छोटा अँप त्याच्या हद्दीत वाजवला तर ट्विटर वर्षानुवर्षं टिकतो.

प्रश्न: हजार वॅट आरएमएसचा मोनो क्लास डी अँप आणि बारा इंची सब आहे. हायवेला गाडी पळत असताना जबरदस्त वाजतो, पण सिग्नलला उभं राहिलं की प्रत्येक ठोक्याला आवाज भदाड होतो, हेडलाइट लुकलुकतात, कधी कधी अँप क्षणभर बंद पडून परत चालू होतो. मित्र म्हणतो एक फॅरडचा कपॅसिटर (वीज क्षणभर साठवून ठेवणारा डबा) लाव. लावू का?

उत्तर: तुम्ही लक्षणं इतकी नीट लिहिलीत की रोग दिसतोच आहे, अँपला करंट पुरत नाहीये. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा भाग) हळू फिरतो, त्याचा जो काही रेटेड करंट असेल त्यापेक्षा बराच कमी देतो, आणि नेमकं तेव्हाच सब मागायला लागतो.

हिशोब बघा. हजार वॅट बाहेर काढायचे, क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा अँपचा प्रकार) ची एफिशियन्सी ८० टक्के धरली तर आत १२५० वॅट लागतात, १३.८ व्होल्टला ते झाले साधारण ९० अँपिअर. गाण्यात ते सतत लागत नाहीत पण ठोक्याच्या क्षणी लागतात. आता वायर, फ्यूज होल्डर, ग्राउंडचा (मायनसची वायर गाडीच्या पत्र्याला जोडायचा) बोल्ट हे सगळं मिळून रस्त्यात ओहमचा फक्त शंभरावा भाग इतका अडथळा असला तरी ९० अँपिअरला तिथेच ०.९ व्होल्ट गेले. बहुतेक कार अँपचे पॉवर सप्लाय रेग्युलेटेड नसतात, बाहेरचे व्होल्ट पडले की आतले पण पडतात आणि क्लिपिंगचं छत खाली येतं. १४.४ वरून १२ वर आलं तर अँपची ताकद ३० टक्क्यांनी घटते. गेन तुम्ही १४.४ ला लावलेला, म्हणजे आता तो जास्त झाला.

तर आधी मोजा. इंजिन बंद असताना चांगली चार्ज असलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, चालू असताना १३.८ ते १४.४. मग गाडी आयडलला ठेवून, सब जोरात वाजत असताना दोन ठिकाणी मोजा, आधी थेट बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग अँपच्या टर्मिनलवर. बॅटरीवरच व्होल्ट १२ च्या खाली जात असतील तर बॅटरी थकलीय किंवा अल्टरनेटर कमी पडतोय. बॅटरीवर १३.५ आणि अँपवर ११.८ असं दिसलं तर बॅटरी-अल्टरनेटर ठीक आहेत, मधला रस्ता खराब आहे.

रस्ता खराब निघाला तर तो दोन भागांत तोडून बघा. मीटर डीसीवर, एक प्रोब बॅटरीच्या मायनसला आणि दुसरी अँपच्या ग्राउंड टर्मिनलला, सब वाजता ठेवून. इथे ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर ग्राउंड सुधारायचं. तसंच एक प्रोब बॅटरीच्या प्लसला आणि एक अँपच्या प्लसला. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोष ग्राउंडकडेच सापडतो, कारण प्लसची वायर सगळे काळजीने टाकतात आणि ग्राउंड मात्र जवळचा कुठलाही स्क्रू बघून उरकतात, रंगावरूनच. रंग हा इन्सुलेटर आहे, तो खरवडून खालचा चकचकीत पत्रा दिसला पाहिजे, वायर प्लसच्या जाडीचीच आणि शक्य तितकी आखूड, अर्ध्या मीटरच्या आत, नट-बोल्टने घट्ट, आणि वरून गंज लागू नये म्हणून ग्रीस किंवा रंगाचा हात. सीट बेल्टच्या बोल्टला ग्राउंड कधीही घेऊ नका, तो बोल्ट जीव वाचवायला आहे. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला जाणारी कंपनीची पट्टी पण बघा, मागे कितीही जाड वायर लावली तरी सगळा करंट पुढे त्याच पट्टीतून परत जातो.

वायर कुठली आहे तेही तपासा. टोक सोलून एक तार चाकूने खरवडा, वरून तांबं आणि आत चंदेरी दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे. तिचा अडथळा तेवढ्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, म्हणजे ती वापरायचीच असेल तर दोन नंबर जाड घ्यायला हवी. फ्यूज होल्डरला हात लावून बघा, वाजवल्यावर तो गरम लागत असेल तर तिथलं कनेक्शन ढिलं आहे, आणि मुख्य फ्यूज बॅटरीपासून अर्ध्या मीटरच्या आतच हवा, नसेल तर हे आजच करा, वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर आग लागू शकते.

कपॅसिटरचं म्हणाल तर एक फॅरड १४ व्होल्टवरून १२ वर येईपर्यंत २६ ज्यूल देतो. अँप १२५० वॅट ओढत असेल तर ती सगळी पुंजी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपते, आणि परत भरायला तोच दमलेला अल्टरनेटर. लाइट लुकलुकणं थोडं सौम्य वाटेल इतकंच. तेच पैसे चांगल्या वायरीत आणि लागलीच तर बॅटरीत घाला.

प्रश्न: माझं सगळ्यांपेक्षा उलटं आहे. मोठ्या आवाजात ठीक वाटतं पण अगदी हळू लावलं की डावीकडून खरखरीत, चिरका आवाज येतो, विशेषतः नुसती बासरी किंवा नुसता गळा असेल तेव्हा. स्पीकर नवीन आणून लावला तरी तेच. अँप दहाएक वर्षं जुना, क्लास एबी आहे.

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला बरं वाटलं, कारण तुम्ही कान देऊन ऐकलंय. जोरात फाटतं की हळू फाटतं हा सगळ्यात कामाचा फरक आहे आणि फार थोडे लोक तो लिहून पाठवतात.

आधी दोष कोणाकडे आहे ते पक्कं करूया, त्याला मीटर पण लागत नाही. अँप बंद करून इनपुटच्या डाव्या-उजव्या आरसीए पिना आपसात बदला. चालू केल्यावर खरखर उजवीकडे गेली तर ती अँपच्या आधीच, केबलमध्ये किंवा स्टिरिओमध्ये आहे. डावीकडेच राहिली तर पिना जागेवर आणा आणि आता आउटपुटच्या स्पीकर वायरी बदला. खरखर उजव्या स्पीकरमधून यायला लागली तर अँपचा डावा चॅनल, डाव्याच स्पीकरमध्ये राहिली तर तो स्पीकर किंवा त्याची दरवाज्यातली वायर. दर वेळी बंद करूनच बदला, नाहीतर जोरात ठप्प होऊन स्पीकर जाऊ शकतो.

तुम्ही स्पीकर बदलून पाहिलाय म्हणून माझा अंदाज अँपच्या चॅनलवर आहे. क्लास एबी मध्ये लाटेचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा अर्धा दुसरा, आणि हातात हात देताना मध्ये खंड पडू नये म्हणून दोघांतून थोडासा करंट कायम वाहता ठेवलेला असतो, त्याला बायस म्हणतात. बायस घसरला की लाट शून्याला ओलांडताना तिथे खाच पडते. मोठ्या आवाजात ती खाच लाटेच्या मानाने बारीक असते, दिसत नाही, हळू आवाजात तीच मोठी होते. तुम्ही लिहिलंय हुबेहूब तसंच.

दुरुस्तीला देण्याआधी अँप चालू ठेवून हळू आवाजात आरसीएची पिन अलगद हलवून बघा. खरखर येत-जात असेल तर आतल्या सॉकेटचं सोल्डरिंग तुटलंय, गाडीच्या हादऱ्याने हे फार होतं आणि ते सोल्डरिंगचं छोटंसं काम आहे. हलवून फरक पडला नाही तर गाणं बंद करून, मीटर डीसीवर ठेवून डाव्या स्पीकरच्या प्लस-मायनसवर मोजा. तिथे मिलिव्होल्ट दिसले तर ठीक, पण एक-दोन व्होल्ट किंवा जास्त डीसी असेल तर स्पीकर लगेच काढा, कॉइल तापून जाईल. मग अँप अशा माणसाकडे द्या ज्याच्याकडे ऑसिलोस्कोप (लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) आहे, बायसचा प्रीसेट (तो जुळवायचा छोटा स्क्रू) अंदाजाने फिरवला तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर तापून जळतात. दहा वर्षांचा चांगला क्लास एबी अँप दुरुस्त करून वापरण्यासारखा असतो, टाकू नका एवढी विनंती.

प्रश्न: दोन चॅनलचा अँप ब्रिज करून (दोन्ही चॅनल एकत्र करून) त्यावर ४ ओहमचे दोन सब पॅरलल लावलेत. पंधरा-वीस मिनिटं छान, मग आवाज घोगरा होत जातो आणि प्रोटेक्टचा लाल दिवा लागतो. थोड्या वेळाने परत आपोआप चालू. अँप सीटखाली आहे, वर मॅट आहे.

उत्तर: मॅट काढा, पण तो छोटा गुन्हेगार आहे. ४ ओहमचे दोन पॅरलल म्हणजे २ ओहम, आणि ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनलला त्याच्या निम्मे दिसतात, म्हणजे तुमच्या अँपचा एकेक चॅनल १ ओहम ओढतोय. दोन चॅनलचे बहुतेक अँप ब्रिजला कमीत कमी ४ ओहम मागतात, मॅन्युअलमध्ये किंवा खालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं ते वाचा. दुप्पट करंट, तेवढीच उष्णता, आणि शेवटी प्रोटेक्शन.

दोन्ही सब सिरीजमध्ये जोडा, एकाचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, ८ ओहम होतील. वॅट कमी मिळतील पण आवाज स्वच्छ राहील आणि अँप जगेल. किंवा ब्रिज सोडून एका चॅनलला एक सब. जोडून झालं की वायरी अँपपासून सुट्या ठेवून मीटरने ओहम मोजा, ४ ओहमचा सब ३.२ ते ३.७ दाखवतो, ते बरोबरच आहे, मीटरवर दिसणारा डीसी रेझिस्टन्स इम्पीडन्सपेक्षा (स्पीकरवर लिहिलेल्या ओहमपेक्षा) कमीच असतो. एकाचाच आकडा फार खाली, एक-दीड असा आला तर त्याची कॉइल आत शॉर्ट झालीय आणि खरा त्रास तिथून आहे.

प्रश्न: ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते, इंजिनबरोबर तिचा सूर चढतो. गाणं चालू असताना सगळं गढूळ वाटतं.

उत्तर: हा अल्टरनेटरचा आवाज, ग्राउंडच्या दोन जागांत फरक पडल्यामुळे आरसीए केबलच्या बाहेरच्या तारांच्या जाळीतून आत शिरतो. अँप बंद करून आरसीए काढा आणि परत चालू करा, शिट्टी गेली तर ती अँपच्या आधीच्या, म्हणजे केबल-स्टिरिओच्या बाजूने येतेय. मग एक साधी वायर घेऊन आरसीएच्या बाहेरच्या रिंगपासून स्टिरिओच्या पत्र्याच्या बॉडीला तात्पुरती टेकवा. शिट्टी थांबली तर स्टिरिओच्या आतला आरसीए ग्राउंडचा बारीक फ्यूज किंवा ट्रॅक उडालाय, अँप चालू असताना आरसीए काढ-घाल केली की हे होतं. नसेल तर अँपचं ग्राउंड वर सांगितलं तसं करा आणि पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने न्या. गेन विनाकारण जास्त असला तर शिट्टीही जास्त. बाजारात मिळणारा ग्राउंड लूप आयसोलेटर सगळ्यात शेवटी, कारण हलक्या आयसोलेटरमधला छोटा ट्रान्सफॉर्मर खालचा बास खातो आणि स्वतःच फाटतो.

प्रश्न: गाडीचा कंपनीचाच स्टिरिओ ठेवून त्याच्या स्पीकर वायरींवरून अँपला सिग्नल दिलाय. व्हॉल्यूम वाढवला की बास वाढायच्या ऐवजी गायब होतो आणि वरचा आवाज कर्कश होतो. ताई म्हणते स्टिरिओच बदलून टाक.

उत्तर: तुमच्या ताईंचं चुकीचं नाही, पण आधी दोन गोष्टी. बऱ्याच कंपनी स्टिरिओंमध्ये व्हॉल्यूम वाढत गेला की बास आपोआप कापायची सोय असते, मूळचे स्वस्त स्पीकर फाटू नयेत म्हणून. ती तुमच्या अँपलाही लागू होते. शिवाय स्टिरिओच्या आतला छोटा अँप स्वतःच क्लिप होत असेल तर पुढचा मोठा अँप तो फाटलेला आवाजच मोठा करून देणार. त्या आतल्या अँपवर ५० गुणिले ४ असं लिहिलेलं असलं तरी ते १४.४ व्होल्टची पूर्ण चौकोनी लाट धरून, १४.४ चा वर्ग भागिले ४ ओहम म्हणजे ५२. स्वच्छ आवाजात तो २० वॅटच्या आसपास देतो, कधी त्याहूनही कमी. म्हणून स्टिरिओचा व्हॉल्यूम जिथे आवाज बदलायला लागतो त्याच्या दोन-तीन आकडे खाली थांबवा आणि तिथे अँपचा गेन जुळवा. बास तरीही कमीच राहिला तर हरवलेला बास परत बसवणारा प्रोसेसर नाहीतर नवीन स्टिरिओ, मग ताईंचं ऐका.

एक धोका सगळ्यांसाठी. अशा स्टिरिओत स्पीकरचा मायनस म्हणजे ग्राउंड नसतो, त्याच्या दोन्ही वायरींवर बॉडीच्या मानाने साधारण ६ व्होल्ट असतात. नुसती आरसीए पिन कापून तिची जाळी मायनसला जोडली तर ती अँपमधून बॉडीला शॉर्ट होते आणि स्टिरिओची आउटपुट आयसी (चिप) जाते. अँपला हाय लेव्हल इनपुट (स्पीकर वायरी थेट जोडायची जागा) असेल तर तेच वापरा, नसेल तर लाइन आउट कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल आरसीएच्या पातळीला आणणारा डबा).

प्रश्न: पेनड्राइव्हवर गाणी नीट वाजतात, फोन ब्लूटूथने जोडला की फाटतात. अँपमध्ये काही सेटिंग आहे का?

उत्तर: अँपला कशाला हात लावताय, त्याने पेनड्राइव्ह स्वच्छ वाजवून आपलं काम सिद्ध केलंय. फोनमधलं इक्वलायझर आणि व्हॉल्यूम बूस्टर ॲप बंद करा, शंभर टक्क्यांच्या वर नेणारे ॲप डिजिटलमध्येच लाट कापतात आणि ती पुढे कुणालाच दुरुस्त करता येत नाही. फोनचा स्वतःचा मीडिया व्हॉल्यूम पूर्ण किंवा एक घर कमी ठेवा आणि बाकी स्टिरिओवरून कमीजास्त करा. उलटं केलं, फोन हळू आणि स्टिरिओ फुल्ल, तर आवाजाबरोबर खरखर पण मोठी होते. स्ट्रीमिंगची क्वालिटी डेटा वाचवायच्या मोडवर असेल तर ती वाढवा.

एवढं करूनही एखादंच गाणं फाटत असेल आणि बाकीची नाही, तर ते गाणं हेडफोनवर ऐकून बघा. १९९० च्या दशकापासून गाणी जास्तीत जास्त मोठी वाटावीत म्हणून रेकॉर्डिंगलाच इतकी दाबली गेली की काहींचे माथे सीडीवरच सपाट आहेत. हेडफोनवरही तसंच ऐकू आलं तर त्याचं जुनं मास्टरिंग (कमी दाबलेली जुनी आवृत्ती) मिळतंय का शोधा, आणि गेन लावताना मात्र ते गाणं वापरू नका.